नानांच्या टाकीत पाणी किती?

लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. संपलं! शाळेत टाकीचं घनफळ शिकवतात तेव्हा एवढंच सांगतात आणि खाली पंधरा उदाहरणं सोडवायला देतात. त्या उदाहरणांमधल्या टाकीला काचेची जाडी नसते, तळाला वाळू नसते, खालचं टेबल कललेलं नसतं आणि मुख्य म्हणजे टाकीत कुणी आजारी नसतं. खऱ्या टाकीत यातलं सगळं असतं. म्हणून या वीकांताचा विषय हाच: घरातल्या माशांच्या टाकीत नक्की किती लिटर पाणी असतं? (हसू नका. आधी पूर्ण वाचा, मग हसा. :-))

आधी जागा सांगतो. आमचं गाव धरणगाव, जिल्हा जळगाव. बालकवींचं जन्मगाव, सुरत-भुसावळ लाइनवरचं स्टेशन. उत्तरेला तापी, पूर्वेला गिरणा आणि मधे आम्ही, नळाकडे डोळे लावून. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी हौद, ड्रम, पिंपं, हंडे, कळश्या. पाणी यायचा दिवस म्हणजे छोटा सणच. त्या दिवशी कुणी कुणाकडे जात नाही, लग्नाची बोलणीसुद्धा पुढे ढकलतात. आमच्या आईला घरातल्या प्रत्येक भांड्यात किती पाणी आहे हे न बघता सांगता येतं. डेटाबेसला क्वेरी मारायची गरज नाही, सगळं कॅशमध्ये!

तर अशा घरात नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माशांची टाकी आणली.

नाना जिनिंगमध्ये हिशेब लिहायचे. सगळं आयुष्य कापूस, सरकी आणि गाठींच्या आकड्यांत गेलं. रिटायर झाल्यावर पहिले सहा महिने त्यांनी पेपर वाचला, मग पेपरातल्या टेंडरच्या नोटिसा वाचल्या, मग आईच्या स्वयंपाकात लक्ष घालायला सुरुवात केली. मी पुण्यात, ताई नाशिकला. संध्याकाळी घर एकदम गप्प. टाकी त्या गप्प घरात आली आणि भिंतीशी टीव्हीच्या जुन्या लाकडी स्टुलावर बसली. सहा मॉली, आठ-दहा गप्पी, एक हिरवट दिवा आणि बुडबुड करणारा फिल्टर. नाना रोज संध्याकाळी समोर खुर्ची टाकून बसायला लागले. फोनवर पहिल्यांदाच माझ्या नोकरीपेक्षा वेगळा विषय निघायला लागला.

आईचा विरोध तत्त्वाचा होता. "प्यायच्या पाण्याला रांग आणि ह्यांचे मासे पोहतात," एवढं एकच वाक्य, पण दिवसातून तीनदा. शेजारच्या आजींनी तर दारातूनच ऐकवलं, "भाऊ, आठे मानससले पानी भेटत नही, नि तू मासासले पाजी ऱ्हायना!" अहिराणीत ऐकलं की टोमणा जास्त लागतो. नाना गप्प बसले, पण टाकी काही हलली नाही.

फेब्रुवारीत मॉलींच्या अंगावर ठिपके दिसायला लागले. रवा भुरभुरल्यासारखे पांढरे. हा माशांचा फार जुना आणि फार चिवट रोग आहे. एकपेशी परजीवी कातडीत शिरतो, तिथे वाढतो, मग गळून तळाशी जातो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती नवीन मासा शोधायला पाण्यात निघतात. औषधाचा मारा चालतो तो ह्या पोहणाऱ्या पिल्लांवरच. कातडीतल्यावर नाही. म्हणून औषध काही दिवस लागोपाठ द्यावं लागतं आणि पाण्यात त्याचं प्रमाण बरोबर राखावं लागतं. कमी पडलं तर रोग जगतो, जास्त झालं तर मासा मरतो.

नानांनी आणलेल्या बाटलीवर लिहिलं होतं, दर १० लिटरला ५ थेंब. दुकानदार म्हणाला, "तुमची टाकी सत्तर लिटरची, पस्तीस थेंब टाका." दुसरा कुणी असता तर टाकून मोकळा झाला असता. पण हिशेबनीस तो हिशेबनीस. शनिवारी रात्री मला फोन.

"अरे, तो म्हणतो सत्तर लिटर. तुझी आई म्हणते, एवढं पाणी मी ओतलंच नाही. तू इंजिनीअर ना? सांग."

आता मी पडलो संगणकवाला. माझ्या डिग्रीचा घरी आजवर झालेला उपयोग म्हणजे वायफायचा पासवर्ड बदलणे. पण आव्हान बापाचं होतं. म्हटलं, "आईच्या शिलाईमशीनची टेप घ्या आणि टाकीसमोर बसा." आणि सुरू झालं रिमोट डीबगिंग.

पहिला प्रश्न, सत्तर आले कुठून? टाकी बाहेरून २४ बाय १२ बाय १५ इंच. म्हणजे २ फूट गुणिले १ फूट गुणिले सव्वा फूट, बरोबर अडीच घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर. अडीच घनफुटांचे झाले ७०.८. म्हणजे दुकानदार खोटं बोलला नव्हता. त्याने सांगितली ती बाहेरच्या पेटीची मापं. काच, वाळू, वरची रिकामी जागा, सगळं धरून.

(जाता जाता. हा २८.३ आकडा आपण रोज पेपरात वाचतो, फक्त ओळखत नाही. धरणाचा साठा टीएमसीत देतात, म्हणजे अब्ज घनफूट. एक टीएमसी म्हणजे २८.३ अब्ज लिटर. आमच्या गिरणा धरणाचा उपयुक्त साठा साडेअठरा टीएमसीच्या आसपास. नानांची टाकी अडीच घनफूट. एकक तेच, फक्त शून्यं जास्त!)

आता आतून मोजणी. काच पाच मिलिमीटरची, दोन्ही बाजूंनी धरली तर एक सेंटिमीटर जातो. आतली लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी २९.५. उरली उंची. इथे टाकीची नव्हे, पाण्याची उंची घ्यायची, तळाच्या काचेपासून पाण्याच्या पातळीपर्यंत. नाना म्हणाले, "कुठे मोजू? डावीकडे वेगळी येते, उजवीकडे वेगळी." म्हटलं, काय? तर स्टूल एका बाजूला खचलेलं. त्यात आश्चर्य नाही. पाणी, वाळू, काच, दगड मिळून त्या स्टुलावर पाऊणशे किलो वजन, म्हणजे चांगला धट्टाकट्टा माणूस दिवसरात्र बसून आहे. (स्टूल दुसऱ्या दिवशी बदललं.) मी सांगितलं, चारही कोपऱ्यांत मोजा. आले ३३.४, ३३.३, ३२.७ आणि ३२.६. बेरीज १३२, भागिले चार, ३३ सेंटिमीटर.

ही सरासरीची युक्ती माझी नाही, आपल्याच जिल्ह्यातली आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापन केला, असं त्यात कोरलेलं आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, आणि त्यांच्या 'लीलावती'त खातव्यवहार नावाचं प्रकरणच आहे. खात म्हणजे खणलेला खड्डा, हौद, तळं. त्यात पहिलाच नियम हा, की खड्डा वेडावाकडा असेल तर लांबी, रुंदी, खोली अनेक ठिकाणी मोजा, बेरजेला ठिकाणांच्या संख्येने भागा आणि मग गुणाकार करा. वरून रुंद आणि तळाशी निमुळत्या हौदासाठी वेगळं सूत्र आहे. तोंड १२ बाय १०, तळ त्याच्या निम्मा, खोली ७, उत्तर ४९०. मी कागदावर करून पाहिलं, चोख येतं. नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसाला माहीत होतं की प्रत्यक्षातला हौद पुस्तकातल्यासारखा नसतो. आमच्या इंजिनीअरिंगच्या पुस्तकात हे वाक्य का नव्हतं, देव जाणे.

असो. ६० गुणिले २९.५ गुणिले ३३ म्हणजे ५८,४१० घनसेंटिमीटर. हजाराने भागलं की ५८.४ लिटर. सत्तरातले बारा लिटर इथेच गेले. चारेक काचेत, आठेक वरच्या रिकाम्या जागेत.

पुढे वाळू. इथे बरेचजण अख्खा थर वजा करतात. साडेतीन सेंटिमीटरचा थर, म्हणजे सव्वासहा लिटर, घाला खड्ड्यात! पण खडीच्या दाण्यांमधे पोकळी असते आणि त्या पोकळीत पाणीच असतं. जागा अडते ती फक्त दगडाची. नानांनी दहा किलो खडी आणली होती. दगड पाण्याच्या साधारण २.६ पट जड. दहा भागिले २.६, म्हणजे ३.८ लिटर. सजावटीचे दोन दगड आणि फिल्टर ह्यांचं नानांनी स्वतःच शोधलं. बादली काठोकाठ भरून परातीत ठेवली, वस्तू एकेक करून बुडवल्या आणि परातीत सांडलेलं पाणी मापलं. दीड लिटर. (सांडलेलं पाणी आईने लगेच उचलून नेलं.) मी म्हटलं, "नाना, हे आर्किमिडीजचं तत्त्व." ते म्हणाले, "हे कडता कापणं आहे. कापसाच्या वजनातून ओल आणि कचरा कापतात ना, तसं."

इतकी वर्षं सॉफ्टवेअरमधे घालवून मला एवढी नेमकी व्याख्या सुचली नसती. ५८.४ वजा ३.८ वजा १.५. कडता कापून उरले ५३ लिटर.

आता गंमत. मी विजयी मुद्रेने आकडा सांगितला आणि मागून आईचा आवाज आला, "तीन बादल्या, एक कळशी आणि वर दोन तांबे. पहिल्या दिवशी मीच ओतलंय." नानांनी एक लिटरच्या बाटलीने तिथल्या तिथे भांडी मापली. बादलीवर १६ लिटर छापलेलं आहे, पण काठोकाठ कुणी भरत नाही. आई भरते तिथपर्यंत १५. कळशी ७. तांब्यात ८०० मिलिलिटर. पंचेचाळीस अधिक सात अधिक १.६, म्हणजे ५३.६.

माझ्या आणि आईच्या उत्तरात जेमतेम अर्ध्या लिटरचा फरक! तिने टेप लावली नाही, काच वजा केली नाही, खडीची घनता विचारली नाही. तिची पद्धत मुळातच जास्त चांगली आहे. टाकी मोजायची नाही, आत गेलेलं पाणी मोजायचं. तुम्ही नवीन टाकी भरणार असाल तर हेच करा. माप माहीत असलेल्या बादलीने भरा, बादल्या मोजा आणि आकडा टाकीच्या मागे लिहून ठेवा. आधीच भरलेली असेल तरच माझा रस्ता धरा. आणि दोन्ही जमत असेल तर दोन्ही करा, कारण दोन वेगळ्या वाटांनी तेच उत्तर आलं की झोप चांगली लागते.

दुसरी वाट न धरल्याने काय होतं त्याची एक खरी गोष्ट. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं बोइंग ७६७, माँट्रियलहून एडमंटनला. इंधनाचे काटे बंद होते म्हणून टाकीत मोजपट्टीने पातळी बघितली, पातळीवरून लिटर काढले आणि लिटरचं वजन केलं. म्हणजे नानांनी केलं तेच! फक्त वजन हवं होतं किलोत आणि आकडा वापरला गेला पौंडांचा. लिटरला १.७७. लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडालं आणि वाटेत हवेतच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत नेऊन गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं, कुणालाही मोठी इजा झाली नाही. गुणाकार सगळ्यांचा बरोबर होता. आकडा कशाचा आहे हे मात्र कुणी विचारलं नाही. "सत्तर लिटर, पण कशाचे?" हा प्रश्न नानांनी विचारला होता.

योगायोग बघा, आमच्या टाकीचा कळीचा आकडासुद्धा १.७७ च आहे. ६० गुणिले २९.५ भागिले हजार. म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की १.७७ लिटर पाणी गेलं. नानांनी कोपऱ्यात कागदी पट्टी चिकटवली, सेंटिमीटरच्या खुणा केल्या आणि टाकी स्वतःच माप झाली. आता पाव पाणी बदलायचं म्हणजे साडेसात खुणा उतरवायच्या, बस.

औषध पडलं २६ थेंब. पस्तीसच्या जागी सव्वीस. टाकी पाव भागाने लहान निघाली, पण औषध मात्र तिसऱ्या हिश्श्याने जास्त पडलं असतं, कारण तेच थेंब कमी पाण्यात गेले असते. एक मॉली तिसऱ्या दिवशी गेली, ती आधीच फार खंगली होती. बाकीच्यांच्या अंगावरचे ठिपके दहा दिवसांत गेले. नानांनी रोज रात्री फोनवर रिपोर्ट दिला: "आज शेपटीवर चार, कल्ल्यावर एक." आमच्या ऑफिसातल्या स्टॅण्डअपपेक्षा हा स्टेटस कितीतरी स्पष्ट.

पण खरा प्रश्न औषधाचा नव्हताच. तो आईचा होता. एवढं पाणी ह्या गावात माशांना द्यावं का? आतापर्यंत हा वाद सुरात चालायचा, आता हातात आकडे होते. जल जीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं तेव्हा ग्रामीण भागासाठी माप ठरवलं, माणशी दिवसाला ५५ लिटर. म्हणजे नानांच्या टाकीत एका माणसाचं एका दिवसाचं पाणी आहे. हे मी फोनवर सांगितलं आणि पलीकडे शांतता. नानांना वाटलं मी आईच्या बाजूने गेलो.

मग नानांनी त्यांची वही उघडली. टाकी भरणं एकदाच. त्यानंतर आठवड्याला पाव पाणी बदल, म्हणजे तेरा लिटर. उन्हाळ्यात वाफ होऊन आठवड्याला साडेतीन खुणा उतरते, ते सहा लिटर. एकूण १९. जुन्या पद्धतीच्या फ्लशला एका ओढीत दहा लिटर जातात. म्हणजे आठवड्यात दोन ओढी कमी. "मी दोनदा तांब्याने भागवीन," नाना म्हणाले. आई म्हणाली, "आणि काढलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही. कढीपत्त्याला घालायचं." ते उत्तमच, माशांची घाण झाडांना खतच असते. (औषधाचं निळं पाणी सोडून, ते नाही घालायचं.) टाकीवर काचेचं झाकण आलं आणि वाफेचे सहा लिटर दोनवर आले. तीन माणसांच्या त्या कॉन्फरन्स कॉलमध्ये कुणी जिंकलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ते एक वाक्य दिवसातून तीनदा यायचं बंद झालं.

आणि आता ह्या सगळ्याचं पुढचं प्रकरण. पाणी साठवून ठेवणाऱ्या गावात डेंग्यूचा डास असतोच, कारण तो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करून घासा, असं आरोग्य खातं सांगतं. पण नळ आठवड्यात फिरकलाच नाही तर भरलेला हौद रिकामा करायला कुणाचा जीव धजतो? अशा वेळी वापरायच्या पाण्यात गप्पी मासे सोडतात, ते डासांच्या अळ्या खातात. आणि गप्पींची पिल्लं नानांच्या टाकीत एवढी झाली आहेत की मोजता येत नाहीत.

शेजारच्या आजी आल्या, त्याच अहिराणीवाल्या. डबा पुढे केला, म्हणाल्या, हौदासाठी दे दहा-बारा. नानांनी दिले आणि विचारलं, प्यायच्या पाण्याचं काय करता? तर त्या गोल सिमेंटच्या टाकीत क्लोरीनचं औषध टाकतात, अंदाजे, एक झाकण. नाना टेप आणि सुतळी घेऊन निघाले. गोल टाकीचा आतला व्यास ९० सेंटिमीटर, पाणी मीटरभर. रात्री मला फोन, "पायचं काय ते सांग रे." ४५ गुणिले ४५ गुणिले ३.१४ गुणिले १००, म्हणजे ६३६ लिटर. बाटलीवरच्या मापाप्रमाणे किती थेंब ते नानांनीच काढलं आणि टाकीवर कोळशाने लिहून दिलं.

आता आळीत अकरा टाक्यांवर असे आकडे आहेत. प्रत्येक आकडा नानांच्या अक्षरात, खाली तारीख, आणि बाजूला कंसात आईच्या हिशेबाने: इतक्या बादल्या, इतक्या कळश्या. दोन्ही जुळले नाहीत तर नाना पुसतात आणि पुन्हा मोजतात.